इंजिनाच्या डोक्यावरचा की पुढचा

शुक्रवार, ११ मार्च २०१६

आज चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाचे, म्हणजे मटणाऐवजी चालणारे, तळलेले मासे खाताना मी बोलून बसलो. बोलून बसलो कसलं, चांगलं ठणकावून सांगितलं, पार कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. या मोसमात ड्वेन हॅकेटला एकदा तरी हरवीन, नाही जमलं तर मस्टँग विकून टाकीन आणि रिटायर माणसासारखा पत्ते खेळत बसेन.

ड्वेन समोरच होता. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच पाळीला गाड्या जोडत होतो, त्यामुळे त्याला माझ्याशी बोलताना भीडभाड नाही. तोंडातला बटाटा सावकाश गिळून म्हणाला, "लेन्या, विकशील तेव्हा आधी मला सांग. बायकोला बाजारहाटाला एक गाडी हवीच आहे." सगळं टेबल हसलं. मीही हसलो. शब्द मात्र मागे घेतला नाही.

माझी बायको इरीन हसली नाही. घरी येताना म्हणाली, "विकायचं कशाला काढलंस? त्या गाडीशिवाय तू करणार काय दिवसभर?" मी म्हणालो, काही करायची वेळच येणार नाही. गाडी तीच चालवत होती. हल्ली तिला चालवायची फार हौस आली आहे, मला किल्ली मिळतच नाही.

मी दोन वर्षं हरतोय, त्याचं खरं कारण इथे लिहून ठेवतो. शर्यतीच्या पट्टीवरचे दिवे मंद झालेत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावर पिवळे दिवे लागत खाली येतात, मग हिरवा. हिरवा लागला की सुटायचं, आणि पाव मैलावर आधी पोचेल तो जिंकला. पूर्वी हे दिवे डोळ्यांत घुसायचे. आता मालकानं कुठले तरी स्वस्तातले बसवलेत, धुरकट दिसतात, म्हणून मला सुटायला उशीर होतो. तिकिटाच्या खिडकीवर तक्रार केली तर बाई म्हणाली, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही. लोकांना चांगल्या-वाईटातला फरकच कळेनासा झालाय.

यावर उपाय एकच, ताकद. मस्टँग कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आली आहे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. आता त्याच्या जागी याहून दांडगा बसवायचा. कोणता, ते मी ठरवीन.

शनिवार, १९ मार्च

कर्टिसच्या गॅरेजात गेलो. चाळिशीचा आहे, पण हात चांगला आहे. त्यानं दोन नमुने टेबलावर मांडले.

एक इंजिनाच्या डोक्यावर बसतो. पाय टाकला की त्याच क्षणी जोर, मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखा. दुसरा इंजिनाच्या पुढे एका बाजूला लटकतो, गोगलगाईच्या शंखासारखा. तो सुरुवातीला गप्प असतो, गाडी पळायला लागली की चढत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात असा ओढतो की मान मागे जाते.

"तुम्हाला पुढचाच घ्या असं सांगेन," कर्टिस म्हणाला. "डोक्यावरचा फार अंगावर येतो, लेन. टायर जागच्या जागी फिरत राहतील."

"माझ्या पायाला बावन्न वर्षांची सवय आहे," मी म्हणालो. पण मनातून मलाही पुढचाच आवडला होता. शेवटच्या टोकाला सगळ्यांत जास्त वेग त्याचाच निघतो, आणि भोंग्यावरून वेग पुकारतात तेव्हा लोक माना वळवतात.

मग त्यानं विचारलं, सुपरचार्जरचा डबा काळा हवा की निळा. दोन्ही समोर ठेवले होते. दोन्ही काळेच होते. मी म्हणालो, चेष्टा पुरे. तो इरीनकडे बघायला लागला. इरीन म्हणाली, "कुठलाही चालेल."

मंगळवार, २९ मार्च

इरीननं आज मला चकित केलं. चाळीस वर्षांत तिनं गाडीच्या आतल्या गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. आज पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या पोलिश करंज्या, लाटता लाटता म्हणते, "डोक्यावरचा घे."

"का?"

"तू हरतोस ते कुठे हरतोस?"

"दिव्यांपाशी. सांगितलं ना, दिवे..."

"हां, दिवे. एकदा सुटलास की तू ड्वेनपेक्षा हळू नाहीस. उलट जवळ जवळ जातोस. म्हणजे मार खातोस तो पहिल्या शंभर फुटांत. मग जिथे गेलं तिथेच भरून काढ. शेवटाला वेग घेऊन काय करायचंय, तोवर तो घरी पोचलेला असतो."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती वीस वर्षं कारखान्यात रंग-तपासणीवर होती, दारावरचा धुळीचा कण दहा पावलांवरून दाखवायची. पण हा विचार तिला सुचेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणालो, बघू.

वर अट घातली: पैसे संयुक्त खात्यातून काढायला तिची ना नाही, पण मी डोळे तपासून घ्यायचे. बायकांचं असंच असतं, सुपरचार्जरच्या बदल्यात डॉक्टर. माझे डोळे ठणठणीत आहेत. पण हो म्हणून टाकलं. हो म्हणायला काय जातं.

शनिवार, २ एप्रिल

पूर्ण विचाराअंती मी डोक्यावरचा निवडला. कर्टिसला समजावून सांगितलं की माणूस मार खातो तो पहिल्या शंभर फुटांत, मग जिथे गेलं तिथेच भरून काढायला हवं. तो म्हणाला, "विचार बरोबर आहे. टायर मात्र चिकट घ्यावे लागतील." मान्य. इरीन शेजारी उभी राहून नखं बघत होती. माझा निर्णय पटलेला दिसला.

बुधवार, २७ एप्रिल

पट्टी उघडली. नवा सुपरचार्जर म्हणजे काय चीज आहे ते आज कळलं. पाय टाकला आणि पोटातलं सगळं पाठीला चिकटलं. शिट्टी अशी घालतो की तंबूतले लोक बाहेर आले. एकट्यानंच दोन फेऱ्या मारल्या. निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ आजवरच्या कुठल्याही वेळेपेक्षा कमी. फेरीनंतर हातात देतात त्या कागदावर सर्वांत वर छापतात तो आकडा, म्हणजे दिवा लागल्यावर हलायला किती वेळ घेतला, तो मी बघत नाही. दिवे तसले असताना त्या आकड्याला अर्थ नाही.

इरीन नेहमीप्रमाणे मागे उभी राहून मला रेघेवर नीट लावून देत होती. परत आलो तेव्हा तिच्या हातावर जाळीचे वळ उठले होते. कुंपणाची जाळी किती घट्ट धरली असेल. मी म्हणालो, घाबरू नकोस, गाडी माझ्या मुठीत आहे.

ड्वेन आला नव्हता. त्याच्या शेव्हेलचा गिअरबॉक्स उघडलाय.

बुधवार, ११ मे

पाऊस. पट्टी बंद. इरीन म्हणते, डायरीत अक्षर केवढालं काढतोस, दोन दिवसांत पान संपतं. मोठ्या माणसाचं मोठं अक्षर.

बुधवार, १८ मे

हरलो. पण थोडक्यात. गेल्या वर्षी दोन गाड्यांचं अंतर असायचं, आज एक गाडीही नव्हतं. म्हणजे माझी निवड बरोबर होती.

शिवाय एक युक्ती सापडली आहे. दिवे बघायचेच नाहीत. ड्वेनचं इंजिन कानांनी टिपायचं. तो उभा असताना गुरगुरतो आणि सुटताना डरकाळी फोडतो. डरकाळी ऐकली की मी सुटायचं. कानांना कोणी मंद करू शकत नाही.

कॉनी, म्हणजे खिमा घातलेला हॉटडॉग, खायला थांबलो, वर मोहरीचा सॉस आणि चिरलेला कांदा. इरीनला युक्ती सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तू तो गेल्यावर निघतोस," ती म्हणाली.

"तो गेल्याबरोबर."

"लेन, तो गेल्यावर निघालास तर त्याच्या आधी कसा निघशील?"

"आधी कशाला निघायला पाहिजे? एवढा मोठा सुपरचार्जर काय शोभेला घेतलाय?"

तिनं बशी बाजूला सारली. सोडून दिलेला अर्धा कॉनी मी खाल्ला.

मंगळवार, ७ जून

डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतलेली होती. गेलो नाही. कर्टिसकडे सुपरचार्जरचा पट्टा घट्ट करायचा होता, ते जास्त महत्त्वाचं. इरीन फुरंगटली आहे. मोसम संपल्यावर नक्की जाईन असं वचन दिलं. तोवर रस्त्यावर गाडी तीच चालवणार, असं तिनं बजावलं. चालव म्हटलं. तिला तेवढाच आनंद.

बुधवार, १३ जुलै

पुन्हा हरलो, फक्त बॉनेटच्या लांबीनं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला वाटतं जास्त टाळ्या माझ्यासाठी होत्या. ड्वेन खिडकीशी येऊन म्हणाला, "गाडी खतरनाक झालीय, लेन्या. चालवणारा झोपला नसता तर मी मेलो होतो." मी म्हणालो, पुढच्या वेळी तूच झोपशील.

खरं सांगायचं तर आज घरी आल्यावर थोडं खचायला झालं. एवढं सगळं करूनही बॉनेट कमीच पडतं. आता तो थेट सप्टेंबरमध्ये पट्टीवर उतरेल, त्यानंतर त्याला हिवाळ्यासाठी फ्लोरिडाला जायचंय. एकच संधी उरलीय. मस्टँग विकल्यावर गॅरेजमध्ये काय ठेवायचं, हा विचार मनात आला. मी तो तिथेच थांबवला.

शनिवार, २० ऑगस्ट

वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर गाड्या बघितल्या. माझी मस्टँग उभी होती तिथे गर्दी हटत नव्हती. बॉनेट उघडून सगळ्यांना डोक्यावरचा आणि पुढचा यांतला फरक समजावला. एक तरुण म्हणाला, "निळा डबा छान दिसतो." मी म्हटलं, काळा आहे. त्याची मैत्रीण हसली. आजकालच्या पोरांना रंगही शिकवत नाहीत.

बुधवार, १४ सप्टेंबर

जिंकलो.

पण आनंद झालेला नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सूर्य खांबाच्या मागे उतरला होता. दिवे मंदच काय, दिसतच नव्हते. मला फिकीर नव्हती. रेघेवर आलो, शेजारी ड्वेनची शेव्हेल गुरगुरत होती. मी कान लावून बसलो. पाय तयार.

डरकाळी येईना. मला वाटलं, दिवे सोडणारा बटणवाला आज वेळ लावतोय. मोठ्या पोटाचा माणूस आहे, त्याला घाई नसते. मी थांबलो. हेल्मेटमध्ये माझ्याच इंजिनाचा आवाज भरला होता. बटणवाला हात हलवताना दिसला. मला वाटलं, थांब म्हणतोय. मी आणखी थांबलो. पायऱ्यांवरच्या लोकांचा गलका वाढत गेला, मग एकदम कमी झाला. नंतर कोणीतरी हसायला लागलं.

तेवढ्यात डिकीवर धाडधाड थापा पडल्या. आरशात इरीन दिसली. कुंपण ओलांडून रेघेपाशी कोणी यायचं नसतं. बटणवाला तिच्या मागे ओरडत येत होता. ती धावत माझ्या खिडकीपाशी आली.

"लेन, जा. हिरवा आहे."

"कुठे?"

"कधीचा हिरवा आहे रे. ड्वेनची गाडी बंद पडलीय. तू जा."

मी गेलो. टायर जरासे फिरले, मग पकडलं, सुपरचार्जरनं शिट्टी घातली, आणि पाव मैलाच्या त्या मोकळ्या पट्टीवर मी एकटाच पळालो. तो पोचला नाही, मी पोचलो, म्हणून मी जिंकलो. कागदावर खालचा आकडा उत्तम होता. वरचा आकडा आज पहिल्यांदा वाचला. वाचायला कागद हातभर लांब धरावा लागला. तेवढ्या वेळात माणूस बुटाची नाडी बांधून होतो.

लोकांना सांगितलं, हेल्मेटचा पट्टा सुटला होता. काहींनी विश्वास ठेवला.

गुरुवार, १५ सप्टेंबर

ड्वेन सकाळी आला. मला वाटलं चेष्टा करेल. त्यानं केली नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, "कार्बोरेटर पेट्रोलनं तुंबला माझा. नियम तो नियम, लेन. जिंकलास तू. गाडी ठेव." मला लेन्या म्हणायचंही विसरला.

"असला विजय मी धरत नाही," मी म्हणालो.

तो गेल्यावर इरीनला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं. मी मागे उभी असते. हिरवा लागतो आणि तुझी गाडी तिथेच असते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी दहा वेळा डॉक्टरकडे चल म्हणाले. तू दहा वेळा दिवे म्हणालास. आणि जास्त बोलले असते तर हट्टानं गाडी विकून मोकळा झाला असतास. ओळखते मी तुला."

"म्हणून डोक्यावरचा घे म्हणालीस."

"म्हटलं, तुझा उशीर झाकला जाईल एवढा जोर तरी मिळू दे. थोडक्यात हुकलं."

म्हणजे निवड माझी नव्हती. एवढे महिने मी सगळ्या गावाला माझी निवड म्हणून सांगत होतो. राग आला. तिचा नाही. कोणाचा ते मला ठरवता आलं नाही, म्हणून अंगण झाडून काढलं.

मग मी निर्णय सांगितला. ड्वेनला मी हरवलं नाही, तेव्हा बोलल्याप्रमाणे गाडी जाणार. इरीन म्हणाली, गाडी दोघांच्या नावावर आहे, तिच्या सहीशिवाय जाणार नाही. मी म्हटलं, सही दे. ती म्हणाली, "एका अटीवर. शेवटच्या बुधवारी मी चालवणार. ड्वेनशी हरले तर सही करते. जिंकले तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही."

"तू?"

"मोसमभर तुला तिथे नेऊन आणलं कोणी?"

मंगळवार, २० सप्टेंबर

डॉक्टरकडे गेलो. इरीननं नेलं म्हणण्यापेक्षा मी गेलो असं लिहितो. डॉक्टर तरुण बाई आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाली, "मिस्टर गुर्स्की, तुम्ही इथवर चालत आलात याचंच कौतुक आहे. गाडी चालवत नाही ना?" इरीन म्हणाली, "रस्त्यावर नाही." डॉक्टरला ते उत्तर कळलं नाही आणि आम्ही समजावलं नाही. नोव्हेंबरात ऑपरेशन. पुन्हा सगळं लख्ख दिसेल म्हणते. तोवर किल्लीला हात लावायचा नाही.

इरीनला बजावलं, हे बाहेर कोणाला कळता कामा नये. माझा हेल्मेटचा पट्टा सुटला होता.

रविवार, २५ सप्टेंबर

शिकवणी. मी शेजारी बसून सांगतो, पाय कसा टाकायचा, टायर फिरले तर किती सोडायचा. ती ऐकते आणि पाहिजे तेच करते. पहिल्यांदा पाय टाकला तेव्हा किंचाळली, मग हसत सुटली, मग म्हणाली, "एवढं असतं होय हे? आणि तू चाळीस वर्षं मला मागे उभी केलीस."

कबूल करतो, मला हेवा वाटला. पण गाडी तिला मानते, हे कोणीही बघून सांगेल.

बुधवार, ५ ऑक्टोबर

ड्वेन फ्लोरिडाला जायचा थांबला होता. रांगेत आमच्यापाशी येऊन म्हणाला, "इरीन, मी हात राखून चालवणार नाही."

"राखलास तर तुझ्या बायकोला सांगेन," ती म्हणाली.

आज मागे उभा राहायची पाळी माझी होती. चाळीस वर्षं ती इथून काय बघत आली ते मला माहीत नव्हतं. गरम रबराचा धूर थेट तोंडावर येतो. मी हातांनी डावी-उजवी करत तिला रेघेवर लावलं, अंदाजानं, आणि ती आरशातून माझ्याकडे बघून नीट जाऊन उभी राहिली. मग मी बाजूला झालो आणि कुंपणाची जाळी धरली.

खांबाकडे बघितलं. काही दिसलं नाही. मला गाडी विकायची नव्हती. कधीच विकायची नव्हती. मासे खाता खाता बोललेलं एक वाक्य होतं ते, आणि आता सगळं तिच्या उजव्या पायावर होतं.

ती सुटली. हिरवा लागला हे मला त्यावरून कळलं. शेव्हेल अजून जागेवर होती. अगदी क्षणभर, पण होती. मग तीही डरकाळी फोडून गेली आणि दोघं मिळून पुढच्या पांढऱ्या धुक्यात शिरली, जे दुसऱ्या कोणाला दिसत नसावं.

लोक ओरडत होते. भोंगा काहीतरी बोलला, ते गलक्यात विरलं. टोकाला जिंकणाऱ्याच्या बाजूचा दिवा लागतो. मी डोळे बारीक केले, हाताची सावली केली. काही नाही.

बटणवाला शेजारीच होता. मी विचारलं, "कोण जिंकलं?"

"समोर दिवा लागलाय की. दिसत नाही का?"

"नाही," मी म्हणालो. मागे रांगेत अर्धी पट्टी उभी होती, ऐकत होती. "मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. दोन वर्षं झाली. तूच सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मस्टँग," तो म्हणाला.